मस्टरबाहेरची ड्यूटी

खेड्यातील टपाल शाखेचा जुना इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शाळामास्तर आणि पोस्टमास्तर हे दोन निराळे इसम वाटणार नाहीत. कित्येक गावांत तो एकच माणूस असे. सकाळी शाळा भरवायची, मधल्या सुटीत टपालाची पिशवी फोडायची, तिकिटांवर शिक्के मारायचे, मनीऑर्डरीचे पैसे मोजून ठेवायचे आणि पुन्हा जाऊन मुलांकडून पाढे म्हणवून घ्यायचे. खात्याने अशा माणसाला 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हटले, म्हणजे खात्याचा असूनही खात्याबाहेरचा. त्याच्या पोटापाण्याची सोय दुसरीकडे आहे, असे त्यामागचे गृहीत होते.

त्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकाचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, असे म्हटले होते. त्याच्याच जोडीला, शिक्षकाला गावचा पोस्टमास्तर किंवा हिशेबतपासनीस नेमावे म्हणजे गावात त्याची पत वाढेल, असेही सुचवले होते. आम्हांला यातील महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की जोतीरावांनी पगार आणि मान यांची फारकत केली नाही. ती पुढच्यांनी केली. मान द्यायला फारसा खर्च येत नाही. एक शाल, एक नारळ आणि ५ सप्टेंबरचे एक भाषण एवढ्यात तो भागतो.

गरीब वस्तीतल्या शाळांत जे शिक्षक काम करतात, त्यांच्या कामाचा फार मोठा हिस्सा कोणत्याही मस्टरवर येत नाही. तो दिसत नाही म्हणून मोजला जात नाही, आणि मोजला जात नाही म्हणून त्यासाठी माणूस मिळत नाही, वेळ मिळत नाही, पैसा मिळत नाही. रेल्वे आणि टपाल कामगारांच्या अंकात शिक्षकांचे गाऱ्हाणे कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर गेलो होतो. आपले एक ग्रामीण डाक सेवक बंधू तेथे शाखा पोस्टमास्तर आहेत. त्यांची शाखा म्हणजे जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीला टेकून उभी केलेली पत्र्याची खोली. त्यांच्या कामाच्या तासांची माहिती घ्यायला आम्ही गेलो होतो. चहा झाल्यावर ते म्हणाले, "माझे तास तुम्ही कितीदा लिहून नेले. कागदावर पाच, करतो सात. हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पलीकडे बाई आहेत, त्यांचे तास कुणी लिहून नेले नाहीत. एक दिवस तिकडे बसून बघा."

मग आम्ही दुसऱ्या दिवशी तेथेच थांबलो आणि ड्यूटीचे रोस्टर तपासावे तसे वहीत वेळ टाकत गेलो.

शाळा पहिली ते चौथी. वर्गात मुले ६३, शिक्षक दोन. त्यातले गुरुजी त्या दिवशी मतदारयादीच्या कामासाठी तहसीलला गेलेले. बाई ८ वाजून ४० मिनिटांनी काळी-पिवळी जीपमधून उतरल्या, पण शाळेकडे वळल्या नाहीत. सरळ तांड्यात गेल्या. दोन घरांपुढे ट्रॅक्टर उभे होते. ऊसतोडीचा हंगाम लागला होता, मुकादमाकडून उचल घेतलेली होती, कोयते बांधून झाले होते. वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल, नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्यारावरून होते. ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. सोबत मुले जातात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला हवी असते.

पहिल्या घरी तिसरीतल्या मुलीचे बोचके भरून झाले होते. बाई तिच्या आजीजवळ उंबऱ्यावर बसल्या. "आजी, हिला ठेवा. संध्याकाळचं जेवण हंगामी वसतिगृहातनं मिळतंय. मी आहे." म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रातच्याला पोरीला ताप आला तर मी कुणाला हाक मारू?" बाई म्हणाल्या, "मला फोन लावा." एवढ्यावर बोचके सुटले. मुलगी राहिली. दुसऱ्या घरचा मुलगा मात्र राहिला नाही. बाई त्याच्या बापाशी बोलत असतानाच तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून बसला होता, आणि खरे सांगायचे तर खुशीत होता.

या सव्वा-दीड तासाच्या कामाचे कागदावर काय होते, ते आम्ही विचारले. स्थलांतर रोखलेले विद्यार्थी, या रकान्यात त्या दिवशी '१' असा आकडा गेला. म्हातारीला दिलेल्या शब्दाला रकाना नाही. रात्री-अपरात्री तो फोन खरोखरच वाजतो, असे पोस्टमास्तरांनी आम्हांला नंतर सांगितले.

साडेदहाला मस्टरवर सही झाली. सरकारच्या लेखी ड्यूटी आता सुरू झाली.

तांदूळ मोजून स्वयंपाकीण मावशींच्या हवाली करणे, डाळ पाखडली का पाहणे, खिचडी शिजल्यावर मुलांच्या आधी स्वतः खाऊन पाहणे आणि तशी नोंद करणे हे ओघाने आले. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली, तेव्हापासून या चव घेण्याला कोणी थट्टेवारी नेत नाही. स्वयंपाकीण मावशींविषयी खरे तर वेगळा लेख लिहायला हवा. त्यांच्यासाठी केंद्राने २००९ मध्ये दरमहा १,००० रुपये मानधन ठरवले. राज्ये आपापल्या मर्जीने त्यात भर घालतात. अशा योजनाकर्मींना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन द्यावे, अशी शिफारस २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने केली. ती शिफारस आजही शिफारसच आहे.

आता शिकवणे. चार वर्ग, एक बाई. पहिलीची मुले गोरमाटी बोलत शाळेत येतात. पुस्तकात चित्राखाली 'आई' लिहिलेले, मूल चित्राकडे बोट करून 'याडी' म्हणते. दोन्ही बरोबर आहेत, हे मुलाला पटवून मग त्याला अक्षराकडे न्यायचे. बाईंनी आपल्या डायरीच्या मागच्या पानांवर गोरमाटी शब्दांची यादी केलेली आम्ही पाहिली. तीनशेच्या आसपास शब्द असतील. कोणत्या प्रशिक्षणात हे मिळाले, असे विचारले तर त्या हसल्या. मुलांनीच शिकवले, म्हणाल्या.

एक मुलगा नऊ-दहा वर्षांचा, दोन हंगाम कर्नाटकात काढून परतलेला. शिक्षण हक्क कायदा सांगतो की मुलाला वयानुरूप वर्गात घ्या आणि मागे पडलेले भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या. कायदा चांगला आहे, आम्हांला त्याविषयी तक्रार नाही. म्हणून हा मुलगा चौथीत. त्याला अक्षरे येत नाहीत. विशेष प्रशिक्षण कोण आणि कधी देणार? जेवणाच्या सुटीत, बाई. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला तो २ वाजून ५ मिनिटांनी, आणि २ वाजून १० मिनिटांनी फोनवर निरोप आला की अमुक माहिती तात्काळ, आजच्या आज भरावी. शाळेत रेंज येत नाही. विहिरीजवळच्या उंचवट्यावर येते. तेथे उभ्याने माहिती भरली.

या माहितीत एक गोम आहे. वर्गात मुले ६३. परंतु ज्यांचे आधार पोर्टलवर जुळले अशी ५८. पाचांच्या नावात नाहीतर जन्मतारखेत फरक निघतो. शिक्षक किती मंजूर करायचे, हे राज्यात आता आधार जुळलेल्या मुलांवर ठरते. कायद्याचे परिशिष्ट म्हणते, ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून ९० पर्यंत तीन. म्हणजे पाच मुले वर्गात बसून, खिचडी खाऊन, बाईंचा घसा बसवूनही कागदावर नाहीत, आणि त्यांच्याबरोबर तिसरा शिक्षकही कागदावरून उतरला. ही नावे दुरुस्त करायला आधार केंद्रात पालकाला न्यावे लागते. पालक उसाच्या फडात. सुटीच्या दिवशी बाई स्वतः दोन मुलांना घेऊन तालुक्याला जाऊन आल्या होत्या, पदरच्या भाड्याने. पदरचे किती जातात महिन्याला, असे आम्ही विचारले. "हिशेब ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "ठेवला तर घरी दाखवावा लागेल."

पाचला शाळा सुटली. त्यानंतर हंगामी वसतिगृहातील मुलांचे जेवण होईपर्यंत बाई थांबल्या, साडेसहाची जीप पकडून गेल्या. आम्ही त्यांना विचारून ठेवले होते की रात्री काही काम पडले तर पोस्टमास्तरांना कळवा. ८ वाजून ५० मिनिटांनी फडावरच्या कोपीतून त्या मुलीच्या आईचा फोन आला. पोरगी जेवली का, रडली का, एवढेच. तो फोन ९ वाजून ५ मिनिटांनी संपला.

प्रवास आणि डबा वजा करून आम्ही बेरीज केली. साधारण दहा तास झाले. मस्टरवर साडेसहा. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचा कामाचा आठवडा पूर्वतयारीसकट ४५ तासांचा धरलेला आहे. त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा या एका दिवसात खर्ची पडला, आणि उद्याच्या पाठाची तयारी त्यात आलेलीच नव्हती. ती रात्री घरचा स्वयंपाक उरकल्यावर.

आता रेल्वेच्या बंधूंना आम्ही विचारतो, ही कहाणी ओळखीची वाटते की नाही?

गाडी साइडिंगला चार तास पडून राहिली तर ते चार तास ड्रायव्हरच्या कामाचे की विश्रांतीचे? फाटकावर बसलेला गेटमन गाडी नसताना काम करतो की बसून राहतो? हे प्रश्न आपल्याकडे वर्षानुवर्षे भांडले गेले आहेत. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्यापुढे १९४६ मध्ये टपाल व तार कर्मचाऱ्यांचा वाद गेला आणि पाठोपाठ रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा. एकाच मराठी न्यायाधीशाने आपल्या दोन्ही खात्यांचे तास मोजले, ही गोष्ट आमच्या तरुण सभासदांना बहुधा माहीत नसते. रेल्वेवरचा त्यांचा निवाडा १९४७ चा. त्यानंतर कामाची चार गटांत वर्गवारी रूढ झाली आणि कोण कोणत्या गटात बसतो, हे ठरवायला जॉब अ‍ॅनालिसिसची पद्धत आली. म्हणजे माणसाशेजारी वही घेऊन बसायचे आणि तो काय करतो ते मिनिटा-मिनिटाने लिहायचे. पुढे १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत दहा तासांची मागणी लावून धरली, १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात कामाच्या तासांचा प्रश्न अग्रभागी होता. त्या संपात नोकऱ्या गेलेल्यांची घरे आजही आपल्या वसाहतींत आहेत.

या चार गटांतला चौथा गट 'वगळलेल्यां'चा. तासांचे नियम ज्यांना लागूच नाहीत, असे लोक. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे कलम १३० उघडून पाहावे. वरिष्ठ अधिकारी, सशस्त्र रक्षक यांच्याबरोबर या गटात आणखी कोण आहे? रेल्वेच्या शाळांत शिकवणारे कर्मचारी. आपल्याच कायद्यात, आपल्याच मुलांना शिकवणाऱ्याचे तास मोजायचे नाहीत असे लिहिलेले आहे, आणि आम्ही स्वतः इतकी वर्षे युनियनचे काम करून ते कलम नीट वाचले ते या लेखाच्या निमित्ताने. ही कबुली दिलेली बरी.

यावर जो आक्षेप येतो तो आम्हांला पाठ आहे. शिक्षकांना सातवा वेतन आयोग आहे, उन्हाळ्याची सुटी आहे, दिवाळीची सुटी आहे. कित्येक गुरुजी तालुक्याला राहतात, बारा वाजता उगवतात आणि तीनला मावळतात. काही ठिकाणी तर गुरुजींच्या जागी गावातला दहावी झालेला पोरगा बसवलेला असतो. हे सारे घडते. आम्ही भोळे नाही, आणि अशा माणसाची वकिली या पानांवर होणार नाही. परंतु आपल्या खात्यांत तरी सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत काय? एका गँगमनने दांडी मारली म्हणून बाकीच्यांनी रात्री पावसात लाइनवर केलेली गस्त खोटी ठरत नाही. उलट आम्ही असे म्हणू, की काम मोजले जात नाही याचा खरा फायदा कामचुकारालाच होतो. मस्टरवरची सही दोघांचीही सारखीच. बाराला येणारा आणि पावणेनऊला तांड्यावर जाणारी, कागदावर दोघेही साडेदहा ते पाच.

सुटीचे म्हणाल, तर ती मुलांची सुटी आहे हे मान्य. गरीब वस्तीतल्या शाळेला त्या सुटीत पटनोंदणीची दारोदार फेरी असते, आणि निवडणूक, आपत्ती, जनगणना ही कामे कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाकडे मोकळीच ठेवली आहेत. शहरातल्या खाजगी शाळेच्या शिक्षिकेला मतदारयादी घेऊन चाळीचे जिने चढताना आम्ही तरी फारसे पाहिलेले नाही.

आणखी एक धागा आपल्याला या शिक्षकांशी बांधतो. तो म्हणजे 'सेवक' हा शब्द.

२००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे शिक्षक हा शिक्षक नाही, सेवक. त्याला पगार नाही, मानधन. प्राथमिकला ते ३,००० रुपये होते. मग बराच काळ ६,००० होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. त्याच सुमारास वस्तीशाळांवर नेमलेल्या निमशिक्षकांनी दरमहा १,००० रुपयांवर, कोठे झाडाखाली, कोठे कोणाच्या गोठ्यात, दूरच्या वाड्यावस्त्यांवरची मुले शिकवली. जेथे शाळाच नव्हती तेथे शाळा उभी करणारे हे लोक नियमित शिक्षक व्हायला २०१४ साल उजाडले. तोवर काहींचे निवृत्तीचे वय जवळ आले होते. २००१ साली टपाल खात्यातले 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' हे नाव जाऊन 'ग्रामीण डाक सेवक' हे नाव आले. नाव बदलले, वस्तुस्थिती तीच राहिली. हे पद नागरी पद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच राजम्मा प्रकरणात सांगितले होते. तरीही नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. २०१८ मध्ये २२ मेपासून पंधरवडाभर संप करावा लागला, तेव्हा ६ जूनला मंत्रिमंडळाने किमान भत्ता १०,००० ते १४,५०० रुपयांच्या दरम्यान ठरवला.

इटारसी, खांडवा, झाशीकडच्या आमच्या वाचकांनी हेच आपल्या डोळ्यांपुढे घडताना पाहिले आहे. मध्य प्रदेशात नव्वदच्या दशकात शिक्षाकर्मी आले. उत्तर प्रदेशात शिक्षामित्र आले. त्यांना कायम करण्याचा निर्णय २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, आणि जे शिक्षक म्हणून पगार घेत होते ते पुन्हा १०,००० रुपये मानधनावर आले. न्यायालयाने पात्रतेचा नियम पाहिला, तो कायद्याने बरोबरही असेल. पण ज्या शाळांत दुसरे कोणी जायला तयार नव्हते तेथे या माणसांनी पंधरा वर्षे वर्ग चालवले होते, त्याची किंमत कोणत्या खात्यावर जमा झाली? कर्मी, मित्र, सेवक, निम. कामगार सोडून सारी नावे देऊन झाली.

कहर म्हणजे ५ सप्टेंबर २०२४. तो शिक्षकदिन. त्या दिवशी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी असावा, दरमहा १५,००० रुपयांवर. एवढा कमी पट कोणत्या शाळांचा असतो? डोंगरातल्या, धनगरवाड्यांवरच्या, तांड्यांवरच्या. जेथे शिक्षकाने गावात मुरावे लागते, आजीला शब्द द्यावा लागतो, तेथेच वर्षावर्षाने बदलणारा माणूस. सकाळी सत्कार झाले असतील, हारही पडले असतील. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षक सामुदायिक रजेवर गेले, आणि पुढे २०२५ मध्ये सरकारला तो निर्णय रद्द करावा लागला. सभासदांनी हे लक्षात ठेवावे: रजेचे अर्ज हारांपेक्षा उपयोगी पडले.

सत्कारांना आमचा विरोध नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सोलापूर स्टेशनावरच्या आपल्या लोकांनीही पेढे वाटले असतील. डिसले यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकण्याचे जाहीर केले. आम्हांला त्या बातमीत ही गोष्ट सर्वांत मोठी वाटली. आपल्याला मिळाले ते एकट्याचे नाही, हे त्या माणसाला ठाऊक होते. पण पुरस्कार हा स्वभावानेच एकाला मिळतो. बीडच्या त्या बाईंना पुरस्कार मिळाला म्हणून तिसरा शिक्षक येणार नाही, विहिरीवर जाऊन उभे राहणे टळणार नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. आमच्यापैकी बहुतेक जण जिल्हा परिषदेच्या नाहीतर नगरपालिकेच्या शाळेत शिकलो. खलाशाची, पोर्टरची, पोस्टमनची मुले याच शाळांतून क्लार्क झाली, गार्ड झाली, सॉर्टर झाली. रेल्वेच्या परीक्षेचा फॉर्म कोणा गुरुजींनी आणून दिला आणि भरूनही घेतला, अशी गोष्ट प्रत्येक वसाहतीत ऐकायला मिळते. पगार जरा सुधारला तशी आम्ही आपली मुले तेथून काढली आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवली. त्यात गुन्हा नाही, प्रत्येक आईबाप तेच करील. परंतु परिणाम असा झाला, की ज्यांना अर्ज लिहिता येतो, साहेबाच्या टेबलासमोर उभे राहून बोलता येते, ते सगळे पालक त्या शाळांतून उठून गेले. मागे राहिले ते फडावरचे, वीटभट्टीवरचे, लाइनलगतच्या झोपडपट्टीतले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये हुकूम दिला होता की सरकारी पगार घेणाऱ्यांची मुले सरकारी शाळेत गेली पाहिजेत. त्या हुकुमाची अंमलबजावणी झाली नाही, आणि तो आला तेव्हा आपल्या कँटीनमध्ये काय चर्चा झाली ती आम्ही ऐकली होती. ती येथे लिहिण्याजोगी नाही.

त्या शाळांतले शिक्षक आज जे मस्टरबाहेरचे काम करतात, त्यातले अर्धे खरे तर त्या उठून गेलेल्या पालकांचे काम आहे. आधारची दुरुस्ती, जातीच्या दाखल्याचा अर्ज, वीज तोडायला आलेल्या माणसाशी हुज्जत, ही कामे एकेकाळी गावचा पोस्टमन, स्टेशनमास्तर, रिटायर झालेला फिटर अशी माणसे करीत. मुले दुसऱ्या शाळेत असली तरी आपल्याला ती आजही करता येतील. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या असतात; आपले ग्रामीण डाक सेवक, ट्रॅकमेंटेनर, कंत्राटी सफाई कामगार यांची मुले याच शाळांत आहेत. त्यांनी त्या समितीत बसावे आणि पोर्टलवर न चढलेल्या मुलांचा प्रश्न लेखी मांडावा. तोंडी मांडलेला प्रश्न वाऱ्यावर जातो, हे युनियनच्या माणसाला सांगायला नको.

महासंघाच्या पातळीवर आमची मागणी एकच आहे. शिक्षक संघटनांना बरोबर घेऊन गरीब वस्तीतल्या शाळांचे जॉब अ‍ॅनालिसिस करून घ्यावे. जसे गेटमनचे होते, तसे. सरकार करीत नसेल तर पहिल्या खेपेला आपण करावे. शिकवण्याखेरीजचे जे काम निघेल त्यातले जे शिक्षकाने करायचे नाही त्यासाठी दुसरा माणूस मागावा, आणि आजीला शब्द देण्यासारखे जे शिक्षकालाच करावे लागते ते ड्यूटी म्हणून लिहिले जावे, त्यासाठी वेळ आणि भत्ता धरला जावा. पट मोजायचा तो वर्गात बसलेल्या मुलांचा मोजावा. रेल्वे अधिनियमाच्या कलम १३० मधून शाळांचे कर्मचारी बाहेर काढण्याचा मुद्दाही पुढच्या मागणीपत्रात यावा. रेल्वेच्या शाळा एकेक करून कमी होत चालल्या आहेत, पण ज्या आहेत त्यांतल्या माणसांचे तास मोजायला हरकत काय आहे?

आमच्या विभागीय शाखेने सुरुवात म्हणून एक साधा तक्ता तयार केला आहे. चार रकाने: वेळ, काम, कोणी सांगितले, मस्टरवर आले की नाही. नमुन्यादाखल पहिला तक्ता आम्ही त्या बाईंनाच भरायला दिला. 'कोणी सांगितले' या रकान्यात बहुतेक ठिकाणी केंद्रप्रमुख, तहसील, पोर्टल असे लिहून आले. ८ वाजून ४० मिनिटांपुढे त्यांनी काही लिहिलेच नव्हते. पोस्टमास्तरांनी आठवण केली तेव्हा 'स्वतः' असे लिहिले.

ज्या शाखांना आपल्या भागातील एखाद्या शाळेचा आठवडाभराचा तक्ता भरून घ्यायचा असेल त्यांनी विभागीय कार्यालयाकडून कोरे कागद मागवावेत. महाराष्ट्राबाहेरच्या शाखांनी तेथल्या सरकारी शाळेचा भरला तरी चालेल. शिक्षकांची संमती आधी घ्यावी. तक्त्यावर शिक्षकाचे किंवा शाळेचे नाव घालू नये. काम दाखवले म्हणून बदली झाल्याची उदाहरणे आपल्याही खात्यांत कमी नाहीत.